दिवसाला एक

पत्र गुरुवारी आलं. अ‍ॅक्रनमधला बर्फ
दुपारपासूनच करडा पडू लागला होता.
पाकिटाच्या खिडकीत माझं नाव –
हेमांगी देवस्थ, पुढचं अक्षर त्यांच्या रकान्यात मावलं नाही.
दिवसाला चार पट्ट्या, डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं.
विमा कंपनी म्हणते, एक.
उरलेल्या तीन ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाहीत’.

एक म्हणजे कुठली, ते लिहिलेलं नाही.
उपाशीपोटीची? की रात्री
इन्सुलिन टोचण्याआधीची?
की जेवणानंतर दोन तासांनी, जेव्हा
अर्धी पोळी माझ्याशी कशी वागली ते कळतं?

कॉपली रोडवरच्या फार्मसीत ग्रेचेनने तीनदा टाकून पाहिलं.
तिन्हीदा लाल. रोखीने घेतेस का, म्हणाली,
आणि किंमत सांगताना आवाज खाली आणला,
आमच्याकडे हुंड्याचा आकडा सांगताना आणायचे तसा.

मग फोन. बेचाळीस मिनिटं पियानो.
तेवढ्यात कुकर झाला, डाळ थंड झाली,
फोडणी राहिली, कारण फोन ठेवायचा धीर होईना.
पलीकडे टमीका. गोड बोलली, खरंच गोड.
आडनाव स्पेल करा म्हणाली.
डी डेव्हिडचा, ई एडवर्डचा, व्ही व्हिक्टरचा –
कोण ही माणसं? माझ्या आडनावात
बिनभाड्याची राहायला आली आहेत.
मनात म्हटलं, द दौतीचा, व वडाचा,
स्थ कशाचा, ते शाळेतही कुणी सांगितलं नव्हतं.

अपील करा. नोंदी पाठवा.
पाठवल्या. नव्वद दिवसांची वही,
निळी शाई, समास आखलेला:
११२. १३८. ९७. एकदा, पहाटे, ५८.
तीन आठवड्यांनी उत्तर:
आपली साखर आटोक्यात आहे, अभिनंदन.
सबब वारंवार तपासणीची गरज दिसून येत नाही.

कराडला तेवीस वर्षं मी गणित शिकवलं.
आता इथे गोदामात खोकी मोजते.
आठवी ‘ब’मधल्या कुणी असं उत्तर काढलं असतं
तर पालकांना बोलावून घेतलं असतं.
घर गळत नाही, सबब छप्पर उतरवा.

त्या रात्री फडताळातला गुलाबजामचा डबा उघडला.
चार खाऊ, पाकासकट. तीनशे दाखवू.
एवढा पुरावा तरी पटेल.
चमचा धरून उभी राहिले, फ्रिज गुणगुणत होता.
मग झाकण लावलं. हिंमत नव्हती असं नाही.
त्या दिवसाची पट्टी सकाळीच संपली होती,
तीनशे मोजणार कशाने?

शेजारच्या मिसेस कोवाल्चिक बटर बिस्किटांचा
गोल डबा घेऊन आल्या. मला वाटलं, सुयादोरे.
आत स्टॅनच्या पट्ट्या, मुदत गेल्या जूनपर्यंतची.
‘त्याला आता नकोत,’ म्हणाल्या.
दोघीही थोडा वेळ त्यांच्या गाडीवरच्या बर्फाकडे पाहत होतो.

पहाटेच्या झोपेला आमच्यात साखरझोप म्हणतात.
माझी साखर नेमकी तिथेच निसटते.
उशी ओली, जीभ जड,
अंधारात स्वतःचाच हात कपाळावर,
अंदाजपंचे दाहोदरसे – साठ? सत्तर?
की नुसतीच भीती, आणि रस उगाच प्यायचा?

दुसऱ्या अपिलाचा फॉर्म सात पानी.
सही करताना, स्टॅनच्या पट्टीसाठी टोचलेलं बोट
कागदाला लागलं. पुसायला गेले,
तर रेषांसकट उमटलं.
तेवीस वर्षं फळा रंगवलेली बाई, अंगठेबहाद्दर.
नवा फॉर्म मागवायचा तर दहा दिवस.
तसाच पाकिटात घातला.
बाहेर जाऊन टपालपेटीचं लाल निशाण वर केलं,
चपलेत बर्फ गेला.
आत आले तेव्हा साडेनऊ झाले होते.
आजची माझी एक अजून शिल्लक होती.